बदकाला दार किती उघडावं

३ मार्च, सोमवार

नातीने ही डायरी आणून दिली. म्हणाली, "आजी, दिवसभर जे बोलतेस त्यातलं अर्धं इथे लिहीत जा. तेवढीच माझ्या कानांना सुट्टी." मी म्हटलं, माझं शिक्षण चौथीपर्यंत, त्यातही चौथीला गोवर निघाला नि परीक्षा बुडाली. तर म्हणते, वाचणार कोण आहे? तेही खरंच. तर लिहिते.

नात म्हणजे माझ्या मुलाची मुलगी. आधी बँकेत होती. काचेमागे बसायची नि संध्याकाळी एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून घरी यायची, असं सूनबाई सांगायची. आता माझ्याकडे राहते, आणि तिचं ऑफिस म्हणजे माझं स्वयंपाकघरातलं टेबल. कारण नेट फक्त फ्रिजच्या बाजूलाच धड येतं. ती तिथे कॉम्प्युटर मांडते, मी समोर वाटाणे सोलते. मला इतकं बरं वाटतं की वाटाणे संपू नयेत म्हणून सावकाश सोलते.

काम काय, तर कर्ज देणं. पण बँक नाही, साहेब नाही, खिडकी नाही. जगभरातली माणसं आपली कॉम्प्युटरवरची नाणी एका हौदात ठेवतात नि त्यावर व्याज घेतात. ज्याला कर्ज हवं तो आपलं दुसरं एखादं नाणं तारण ठेवतो नि हौदातलं उचलतो. नियम सगळे मशीनमध्ये लिहिलेले. नियम बदलायचा तर सभासदांनी मतं द्यायची. नातीने बघायचं की कुठलं नाणं तारण म्हणून घ्यावं, किती घ्यावं. मी म्हटलं, म्हणजे तू सोनाराचा कसोटीचा दगड. ती म्हणाली, दगड म्हण, सगळेच म्हणतात.

कंत्राट एप्रिलअखेर संपतंय. पक्की झाली तर इथेच. नाही झाली तर सूनबाईने बँकेतली जागा बोलून ठेवलीच आहे. म्हणजे पोरगी गेली. मग मी नि फ्रिज.

६ मार्च, गुरुवार

आज बदक आलं. नवं नाणं आहे, त्यावर पिवळं बदक. बदकवाल्यांचं म्हणणं, आमचं नाणं तारण म्हणून घ्या, आणि पूर्ण दार उघडून घ्या. नातीला बघायला सांगितलंय.

दुपारी सगळ्यांचा कॉल असतो. अर्धी माणसं चेहरा दाखवतच नाहीत. कुणी लांडगा लावलाय, कुणी कुंडीतलं झाड. मी हात हलवते, झाडसुद्धा हात हलवतं, म्हणजे तशी खूण पाठवतं. सगळ्यांत वरचे जे आहेत त्यांना मी थोरले म्हणते. त्यांचा कॅमेरा असा लागलेला असतो की नुसती दाढी नि छत दिसतं.

थोरले म्हणाले, "बदक जोरात चाललंय. आपण दुकान उघडून बसलोय की कुलपं लावायला?"

नात म्हणाली, "दार उघडू. आधी बोटभर."

"बोटभर दारातून गिऱ्हाईक आत येत नाही, पोरी."

"चोरही येत नाही."

लांडगा हसला. थोरल्यांची दाढी हलली नाही.

मी नंतर तिला म्हटलं, बाई गं, नवं म्हणून कुणाला इतकं घाबरायचं का? मी तुझ्या आईला, सूनबाईला, पहिल्याच दिवशी कपाटाच्या किल्ल्या दिल्या होत्या. नात म्हणाली, "आणि त्या कपाटात काय होतं?" जुन्या रजया होत्या. पण प्रश्न विश्वासाचा असतो.

९ मार्च, रविवार

खालच्या मजल्यावरचे पोस्टमन भावजी वर आले. रिटायर झालेत, पण अजून जिन्यात प्रत्येक दाराशी थांबतात, सवय. गुडघ्याचं ऑपरेशन करायचंय, त्यासाठी साठवलेले पैसे त्यांनी नातीच्याच हौदात ठेवलेत. नातीने नको नको म्हटलं होतं. ते म्हणाले, मग तू कशाला काम करतेस तिथे?

"वहिनी, हौदात पाणी आहे ना?" असं विचारतच दारात टेकले.

नातीने त्यांना समजावलं. बदकाला आज भाव आहे. पण तो भाव खरा की फुगवलेला? समजा कुणी आपलंच बदक आपल्यालाच विकत राहिला, भाव चढवला, मग ती बदकं आपल्या हौदात तारण ठेवून खरा पैसा उचलला नि पसार झाला. हौदात उरलं काय?

"बदकं," भावजी म्हणाले.

"तारण घेताना आजचा भाव नाही बघायचा, आजोबा. ज्या दिवशी सगळे एकदम विकायला धावतील, त्या दिवशी कितीला जाईल ते बघायचं."

भावजी गुडघा चोळायला लागले. मी चहा टाकला. बदक किती गोंडस आहे पण, चोचीत फूल धरलंय.

१३ मार्च, गुरुवार

आजचा दिवस फार छान गेला. नात भावजींना सिलेंडर बदलून द्यायला खाली गेली, आणि इकडे कॉम्प्युटर वाजायला लागला. मी ते हिरवं बटण दाबलं. मला येतं ते.

बदकवाला होता. स्वतः, चेहरा दाखवून. केस वासराने चाटल्यासारखे चपचपीत, दात एकसारखे. वेळेआधीच आला होता. हल्ली वेळेआधी येतं कोण? भावजी म्हणतात, त्यांच्या नोकरीत एकदाच असं झालं होतं, नि तेव्हा पत्र चुकीचं निघालं.

"नमस्कार आजी," म्हणाला. "वाटाणे गोड निघाले का?"

बघा, कुणी विचारतं का हे? मग गुडघ्यांचं बोलणं झालं, त्याच्याही आजीचे दुखतात. मग म्हणाला, "आजी, तुमच्या नातीच्या मनात आमच्याबद्दल काही किंतु आहे का? मला तो दूर करायचाय."

माझं मन भरून आलं. इतका सरळ मुलगा. सकाळीच चहा पिताना नात मला सांगत होती, ते मी सांगितलं. म्हटलं, तिला दोन गोष्टी खटकतात बाबा. एक, शंभरातली नव्वद बदकं चार-पाच खिशांतच आहेत, नि ते खिसे एकाच घरातले वाटतात. दुसरं, तुमचा बाजार एकच, त्यात विकणारे तेच नि घेणारे तेच. कुणी खरंच पाटीभर बदकं घेऊन विकायला आलं तर घेणारा नाही.

त्याने लिहूनसुद्धा घेतलं. आजकालच्या पोरांत मोठ्यांचं ऐकून लिहून घेणारा दाखवा.

मग म्हणाला, "आजी, तुम्हालाही मत आहे ना? आम्हाला द्याल?" मला मत आहे. वाढदिवसाला नातीने मताची थोडी नाणी दिली होती. मला चपला हव्या होत्या, पण असो. मी म्हटलं, दिलं. तेवढ्यात नात वर आली, तर तो लगेच कामाचं बोलायला लागला. कामात गप्पा मिसळत नाही, तेही बरं. नातीसाठी असा एखादा मिळाला तर डोळे मिटून होकार देईन.

१७ मार्च, सोमवार

नात सकाळपासून विचित्र. टोस्टला लोणी दोन्ही बाजूंनी लावलं.

झालं असं की बदकं पसरली. कालपरवापर्यंत चार-पाच खिशांत होती, ती आता शेकडो खिशांत. शिवाय दोन नवे बाजार उघडले, तिथे घेणारे-विकणारे गर्दी करून आहेत. थोरले खूश. "झालं ना समाधान? बदक आता सगळ्यांचं झालं. उघडा दार."

कॉल संपल्यावर नात मला म्हणाली, "आजी, गुरुवारी मी खाली होते तेव्हा कॉल सुरू झाला होता का?"

"झाला होता की. बिचारा वाट बघत होता. मी सोबत केली."

"काय बोललात?"

"हवापाणी. गुडघे. मग तुझ्या मनातला किंतु."

"माझ्या मनातला किंतु."

"सगळा नाही सांगितला. दोनच सांगितले."

तिने डोकं टेबलावर टेकलं. खांदे हलायला लागले. मी घाबरले, वाटाणे टाकून पाठीवर हात फिरवायला गेले, तर पोरगी हसत होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग माझे गालगुच्चे घेतले. "आजी, तू सोनं आहेस."

मी म्हटलं, मग ठेव मला तारण.

"तुझ्यावर कर्ज देणारा बुडेल," म्हणाली, नि पुन्हा हसायला लागली. तिला इतकी आनंदात मी कितीतरी दिवसांनी पाहिली. मुलगा आवडला असेल का?

१८ मार्च, मंगळवार

आज नात थोरल्यांशी बोलली ते मी ऐकलं. या नाण्यांचं एक चांगलं असतं. कुठलं नाणं कुठून कुठे गेलं हे कुणालाही बघता येतं, चाळीतल्या दोरीवरचे कपडे जसे. नातीने दिवसभर बसून बघितलं. ते शेकडो खिसे एकाच हाताने भरलेत, तेही गुरुवारच्या संध्याकाळी. नव्या बाजारांतली गर्दीसुद्धा त्याच खिशांची.

ती म्हणाली, "मी ही शंका कुठेही मांडली नव्हती. फक्त घरात बोलले. गुरुवारी दुपारी ती त्यांच्या कानावर गेली, संध्याकाळी शंकेच्या मापाचा कपडा शिवून तयार. प्रामाणिक माणूस उत्तर देतो. हे उत्तर नाही, सोंग आहे."

थोरले म्हणाले, "संशयाला पुरावा म्हणत नाहीत. नियम कुठला मोडला? एकही नाही. आणि तू एकटी अडवतेयस म्हणून लोक मला विचारतायत, हिला ठेवलीय कशाला."

मला सूनबाईची बँक आठवली.

नात म्हणाली, "मी अडवत नाही. बदकाला वेगळा कप्पा देऊ. कप्प्यातल्या तारणावर फक्त कप्प्याएवढंच कर्ज, तेही तारणाच्या निम्म्याहून कमी. कप्प्याला मर्यादा छोटी. चार महिने नीट वागलं तर मर्यादा वाढवू. बुडालंच तर कप्पा बुडेल, हौद नाही. सभासदांनी ठरवू दे."

घरातलं बोलणं बाहेर गेलं म्हणे, याचा मी फार विचार केला. मी जे बोलले ते बदकवाल्याशीच, आणि ते त्याच्याबद्दलच होतं. त्याला बाहेर कसं म्हणणार? घरात तर आम्ही दोघीच. मला पोस्टमन भावजींचा संशय येतो. जन्मभर लोकांच्या गोष्टी इकडून तिकडे पोचवायची सवय, ती जाते कुठे? पण बोलून दाखवणार नाही. गुडघेदुखीचा माणूस.

२२ मार्च, शनिवार

मत द्यायचा दिवस. एका बाजूला पूर्ण दार, दुसऱ्या बाजूला कप्पा.

मी बदकवाल्याला शब्द दिला होता. सकाळी अंघोळ करताना, केस वाळवताना, कुंडीला पाणी घालताना हाच विचार. शब्द म्हणजे शब्द. पण दार उघडून जर नातीची चूक ठरली तर ती जाणार, हेही दिसत होतं. आणि तिने मला एका शब्दाने सांगितलं नाही की मत इकडे दे. नुसता फोन हातात दिला, पलीकडे तोंड करून उभी राहिली.

मी कप्प्यावर बोट ठेवलं. बदकवाल्या, रागावू नकोस बाबा. पोटचं ते पोटचं.

२५ मार्च, मंगळवार

कप्पा जिंकला. अगदी थोडक्यात. इथे डोकी मोजत नाहीत, मताची नाणी मोजतात, त्यामुळे कुणामुळे जिंकलो ते सांगता येत नाही असं नात म्हणते. मला वाटतं माझ्यामुळेच. कुंडीतलं झाडसुद्धा आपल्या बाजूला होतं, त्याने नंतर मला खूण पाठवली.

३ एप्रिल, गुरुवार

घरात सुतक असल्यासारखं चाललंय.

बदकाचा भाव रोज चढतोय. आपल्यासारखाच दुसऱ्या कुणाचा एक हौद आहे, नात त्याला समोरचं दुकान म्हणते. त्यांनी बदकाला दोन्ही दारं उघडून दिली. सगळे तिकडे चाललेत, तिकडे व्याजही जास्त. कॉलवर लांडगा म्हणाला, "आमच्याकडे एक कप्पा आहे, त्यात कुणी चिल्लर ठेवणार का?" थोरल्यांनी पुढचा विषय घेतला. पूर्वी ओरडायचे तेच बरं होतं.

सूनबाईचा फोन आला. "सासूबाई, तिला सांगा, बँकेतले पहिल्या तारखेपर्यंतच थांबणार आहेत." मी म्हटलं, सांगते. सांगितलं नाही.

खरं लिहायचं तर मलाही वाटायला लागलंय की पोरीचं चुकलं. दुधाने तोंड पोळलेलं नसतानाच ताक फुंकून पिते आहे. भावजी वर आले ते पैसे समोरच्या दुकानात हलवायचे म्हणूनच आले, आणि त्यांच्या फोनवर ते होत नाही म्हणून नातीनेच करून द्यावं असं त्यांचं म्हणणं. मी त्यांचीच बाजू घेतली. म्हटलं, जास्त मिळतंय तर माणसाने जावं.

नातीने कॉम्प्युटर पुढे ओढला. मग भावजींना म्हणाली, "पैसे तुमचे, मर्जी तुमची. मी आत्ता हलवून देते. फक्त ज्याच्याशिवाय भागणार नाही तेवढे इथेच राहू द्या."

"ज्याच्याशिवाय भागणार नाही ते गुडघ्याचेच तर आहेत. दुसरे आहेत कुठे?"

"मग झालं."

भावजी फुरंगटून खाली गेले. प्रत्येक पायरीवर थांबून काहीतरी बोलत होते. तीन मजल्यांना ऐकू गेलं.

११ एप्रिल, शुक्रवार

बदक पडलं.

सकाळी नात दात घासत होती, तोंडात ब्रश तसाच, नि कॉम्प्युटरकडे धावली. ज्या खिशांत बदकं होती त्या सगळ्या खिशांनी एका सकाळी आपापली बदकं समोरच्या दुकानात तारण ठेवली, चढलेल्या भावाने, नि तिथलं खरं नाणं उचललं. सगळंच्या सगळं. मग ते शेकडो खिसे रिकामे करून एकाच खिशात गेलं, नि तो खिसा कुणाचा ते देव जाणे. दुपारपर्यंत बदकाला कुणी फुकट घेईना. समोरच्या दुकानाचा हौद कोरडा, त्यात नुसती बदकं.

आपल्याकडेही आले होते. कप्पा काठोकाठ भरून गेले, कप्प्याचं जेवढं होतं तेवढं उचललं. पण कप्पा तो केवढा. अडीअडचणीसाठी बाजूला ठेवलेला गल्ला असतो, त्यातून ते भरून निघालं. हौदातलं पाणी हललंसुद्धा नाही.

भावजी कसे वर आले कळलं नाही, दम लागला होता. "वहिनी, माझा गुडघा?"

"आहे," नात म्हणाली. "दोन्ही आहेत."

ते मटकन खुर्चीत बसले नि सोललेले वाटाणे मूठमूठ खायला लागले. मी परात त्यांच्याकडे सरकवली. नंतर लांडग्याने बोलावलं, तर लांडग्याच्या जागी एक टक्कल पडलेला माणूस होता. त्याने नातीला हात जोडले. मी त्याला ओळखलं नसतं, पण हसला तसा ओळखला.

थोरल्यांचा चेहरा आज पहिल्यांदा पूर्ण दिसला. नाक बरंच चांगलं आहे. "पोरी," म्हणाले, नि घसा खाकरला. मग म्हणाले, "आजी, वाटाण्यांचा हंगाम संपत नाही का तुमच्याकडे?" काही माणसांना माफी तोंडातून येत नाही, ती अशी आडवाटेने येते.

१३ एप्रिल, रविवार

बदकवाल्याचं मला फार वाईट वाटतंय. इतकी मेहनत केली, नि बदक असं पडलं. त्याचा फोटो गेलाय, नंबरही लागत नाही. धक्काच बसला असणार. भावजींकडून टाईप करून घेऊन निरोप पाठवला की बाळा, जे झालं ते झालं, वेळेवर जेव, नि तुझ्या आजीला विचारलंय म्हणून सांग. टाईप करताना भावजी मला सारखं विचारत होते, "वहिनी, नक्की पाठवायचं?" यांना काय कळणार?

२९ एप्रिल, मंगळवार

पक्की झाली. पोरगी पक्की झाली. नातीने सूनबाईला फोन केला, मी बाजूला उभी. सूनबाई म्हणाली, "जेवायला तरी वेळेवर देतात का सासूबाई?" म्हणजे हो म्हणाली.

थोरल्यांनी नवा नियम मतांना टाकला: कुठलंही नवं नाणं असो, आधी छोटा कप्पा, थोडी मर्यादा, मग वागणं बघून हळूहळू वाढ. एकाचाही विरोध झाला नाही. नातीने मला चपला आणल्या.

८ मे, गुरुवार

हल्ली नात मला सगळं सांगते. पूर्वी मी विचारल्यावर सांगायची, आता आपणहून. सकाळी चहा घेऊन माझ्या खोलीत आली, दार लोटलं नि म्हणाली, "आजी, बेडकाचं नाणं आलंय. त्याचा आजचा भाव किती, हे मशीन एकाच ठिकाणी विचारतं, ते मला खटकतंय. फक्त तुला सांगते हं. कुणाजवळ बोलायचं नाही." मी गळ्याला हात लावून शपथ घेतली.

दुपारी कॉलच्या वेळीच तिला भावजींची चिठ्ठी दवाखान्यात द्यायला जायचं आठवलं. पोरगी विसराळू होत चालली आहे. पण माझी काळजी किती. वाटाण्यांची परात समोर ठेवली, कॅमेरा माझ्याकडे वळवला, खांद्यावरचा पदरसुद्धा सरळ केला.

बेडूकवाला वेळेआधी आला. भारी गोड. आधी वाटाण्यांचं विचारलं, मग म्हणाला, "आजी, तुमच्या नातीला आमच्याबद्दल काही शंका आहे का?" मी म्हटलं, मी शपथ घेतलेली बाई आहे, मला विचारू नको. पण इतक्या अदबीने विचारत राहिला की शेवटी एवढंच सांगितलं. एवढंसंच. भावाचं.

नात परत आली. "आजी, पोटात ठेवलंस ना सगळं?"

"म्हणजे काय," मी म्हटलं.

ती हसली, परातीतले दोन वाटाणे तोंडात टाकले, नि कॉम्प्युटर उघडून बेडकांवर डोळा ठेवून बसली. संध्याकाळपर्यंत जागची हलली नाही.

किती विश्वास ठेवते पोरगी माझ्यावर.